गाडीवर गाडी

आमच्या बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर मी साडेचार वर्षं काढली आहेत. त्या काळात माझ्या हाताखालून किती मोटारसायकली गेल्या याची गणती नाही. पण त्या सगळ्या कागदावरून गेल्या. कागदावरची मोटारसायकल फार सभ्य असते. तिला चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, ती बँकेकडे तारण असते आणि तिला वजन नसतं. खऱ्या मोटारसायकलला वजन असतं आणि ते भलतंच असतं, हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. २०१९ सालच्या फेब्रुवारीत, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, घराच्या अंगणात. कळलं तेव्हा ते वजन माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर होतं.

मोटारसायकल अण्णांची. येझदी, १९८६ सालची. अण्णा ग्रामसेवक होते आणि त्यांच्याकडे एका वेळी दोन-तीन गावं असत. त्या गावांना जोडणारे रस्ते त्या काळी कागदावरच होते (आमच्या घराण्याचा कागदाशी संबंध जुना आहे), तेव्हा अण्णांनी फंडातून पैसे काढून ही गाडी घेतली. ज्या वाचकांनी येझदी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिची किक आणि गिअर एकच असतात. तोच दांडा आत दाबून मागे उभा फिरवला की किक, मारून झाल्यावर पुन्हा पुढे आडवा केला की गिअर. एकाच माणसाकडे दोन टेबलांचं काम देण्याची ही पद्धत आमच्या बँकेनं बहुधा तिथूनच उचलली असावी. माहिती नसलेला माणूस येझदीपाशी अर्धा तास किक शोधत उभा राहतो, त्यामुळे अण्णांनी तिला कधी कुलूप लावलं नाही.

या गाडीवर आम्ही चौघे बसत असू. टाकीवर ताई, मग अण्णा, मग मी, मग आई आणि आईच्या मांडीवर पिशवी. पाच, असं म्हटलं तरी चालेल, कारण पिशवी माझ्यापेक्षा जड असे. गाडी घेतली त्याच वर्षी आईचा पदर मागच्या चाकात अडकला. काही झालं नाही, गाडी हळू होती. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला जाऊन मागच्या चाकाला साडीगार्ड बसवून आणला. गाडीबरोबर आलेला एक होता, तो त्यांना पुरेसा वाटला नाही. हा नवा म्हणजे जवळजवळ खिडकीचा गज होता.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. अण्णांनी त्या वर्षी दोन दिवस कुणाशी धड बोलणं केलं नाही, आणि मग एका पत्र्याच्या ट्रंकेत सुटे भाग जमवायला सुरुवात केली. (२०२२ मध्ये येझदी नाव पुन्हा बाजारात आलं, तेव्हा मी त्यांना मोबाइलवर नवी गाडी दाखवली. त्यांनी विचारलं, "पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं?" म्हटलं, ही चार स्ट्रोकची, घालावं लागत नाही. "मग माणसानं करायचं काय?" म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला.)

आई गेली २०१८ च्या पावसाळ्यात. त्यानंतर अण्णांनी पुण्याला आमच्याकडे यावं म्हणून मी सहा महिने विनवण्या केल्या. दर वेळी त्यांच्याकडे कारण तयार. आधी वर्षश्राद्ध, मग भुईमूग, मग गाईचं वेत. गाय विकून झाली होती, तरीही. शेवटी जानेवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री फोनवर ते म्हणाले, "येतो. पण गाडी येणार असली तर."

मी आनंदानं हो म्हटलं. वाहनकर्जाच्या टेबलावरचा माणूस असाच हो म्हणतो.

मग गाडी आणायची कशी यावर खल सुरू झाला. अण्णांचा पहिला प्रस्ताव असा की ते स्वतः चालवत आणतील. वय एकाहत्तर, डोळ्याला हिरवी पट्टी आणि अंतर एकशे साठ किलोमीटर. तो प्रस्ताव ताईनं फेटाळला. मग रेल्वे. पार्सल ऑफिसात चौकशी केली तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, गाडीला गोणपाट गुंडाळायचं, आर.सी. बुकाच्या प्रती जोडायच्या आणि कुठून कुठे जाणार त्याची पाटी बांधायची. मला यात काहीच वावगं दिसलं नाही, उलट प्रती जोडायच्या म्हटल्यावर बरं वाटलं. पण अण्णा म्हणाले, "गोणपाटात गुंडाळून पाटी बांधून पाठवायला ती काय मेली आहे?" सामान हलवणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणाला, कपाटाच्या आणि गाद्यांच्या मधे उभी करून नेऊ, काही होणार नाही. त्यानं हे सांगताना गाडीच्या सीटवर थाप मारली. तो विषय तिथेच संपला.

तेव्हा पुढे आले आमचे दाजी.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. शेजारच्याच गावचे. बागायतदार, बोलेरोवाले, आणि कुठल्याही कामाला "हाय काय त्यात!" म्हणणारे. त्यांच्या एका मांडववाल्या दोस्ताकडे दोन चाकांचा ट्रेलर होता. लग्नात जनरेटर ओढून न्यायचा. जनरेटर उतरवला की ट्रेलर मोकळा. "बोलेरोच्या मागं जोडायचा, गाडी वर घ्यायची, चला पुणं," दाजी म्हणाले. "हितं धा टन ऊस जातोय मागनं. ही दीड क्विंटलबी न्हाई."

गाडीचं वजन सुमारे १४० किलो, तेव्हा दाजींचं गणित बरोबर होतं. उसाला मात्र चाकं नसतात आणि तो मागे घरंगळत नाही, हा तपशील त्यांनी धरला नव्हता.

इथे आमच्या घरातली एक अडचण सांगायला हवी. दाजी जावई. अण्णा जुन्या वळणाचे. जावयाला त्यांनी अठरा वर्षांत "अहो जावईबापू" सोडून दुसरी हाक मारलेली नाही, आणि जावयाची चूक काढणं तर त्यांच्या आचारसंहितेत बसतच नाही. त्यामुळे त्या दिवशी दाजींनी जे जे चुकीचं केलं त्याची बोलणी मी खाल्ली. दाजींच्या खात्यातली रक्कम माझ्या नावे टाकली जात होती आणि मला हरकत घ्यायला जागा नव्हती.

पहिला प्रयत्न अंगणात झाला. दाजींनी ट्रेलर बोलेरोपासून सोडवून उभा केला आणि मागे मांडवाची एक फळी लावली. मी हँडल धरलं, दाजी मागून रेटायला, मांडववाल्याचा पोरगा बाजूला. पुढचं चाक फळीवरून ट्रेलरच्या कडेवर टेकलं मात्र, ट्रेलरचं मागचं टोक खाली गेलं, पुढची दांडी माझ्या डोळ्यांदेखत आकाशात गेली आणि पोरगं टाळ्या वाजवू लागलं. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे लहान मुलांच्या बागेतला सी-सॉ असतो हे तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. ओट्यावर पेपर वाचत बसलेले अण्णा मला म्हणाले, "ट्रेलर आधी बोलेरोला जोडून घ्यावा एवढं तुला कळत नाही?" मी म्हटलं, नाही.

दुसरा प्रयत्न ट्रेलर जोडून. या वेळी चाक वर गेलं, अर्धी गाडीही गेली आणि तिथेच अडकली. फळी इतकी उभी होती की गाडीचं पोट कडेवर टेकलं. शिवाय गाडी फळीवरून वर गेली होती आणि मी जमिनीवरच होतो. मी हँडल डोक्याच्या वर धरून, कॅलेंडरवरच्या कृष्णानं गोवर्धन धरावा तसा उभा होतो. फरक इतकाच की माझ्याकडे एकही बोट मोकळं नव्हतं. गाडी मागे सरकू लागली. मी पुढचा ब्रेक जीव खाऊन दाबला. चाक फिरायचं थांबलं, गाडी थांबली नाही. चढावर सगळा भार मागच्या चाकावर जातो, पुढचं नुसतं फळीवरून घसरतं. मग जे झालं त्याचा उल्लेख मी पहिल्याच परिच्छेदात केला आहे.

अंगठ्यावर हळद लागली. ताईनं चहा आणला. अण्णांनी पेपराची घडी केली, चष्मा पुसला आणि उठले.

"बाजारात म्हैस ट्रकात चढवताना बघितली आहेस कधी?" त्यांनी मला विचारलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात म्हैस नव्हती.

"म्हैस कुणी उचलत नाही. ट्रक बांधाला लावतात आणि म्हैस चालत जाते." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. आमच्या गोठ्याचा ओटा कंबरेइतका उंच, आणि जनावरं चढायला एका बाजूनं मातीचा उतार. ट्रेलर मागे घेऊन ओट्याला टेकवला तर दोन्हींच्या उंचीत वीतभराचा फरक उरला. आता फळी जवळजवळ आडवी होती. तिच्या शेजारी अण्णांनी दुसरी फळी टाकायला लावली, ती गाडीसाठी नव्हे, गाडीबरोबर चालणाऱ्या माणसासाठी. मग त्यांनी दांडा मागे फिरवला, एक किक मारली, गाडी सुरू झाली. पहिला गिअर टाकून, क्लच जेमतेम सोडत, शेजारून चालत चालत त्यांनी गाडी उतारावरून ओट्यावर आणि ओट्यावरून ट्रेलरमध्ये नेली. डोळ्यावरची पट्टी तशीच. पन्नास सेकंद लागले असतील. आमचे दोन तास झाले होते.

पेट्रोलचा कॉक बंद करून ते खाली उतरले आणि मला म्हणाले, "आता बांधा."

मला वाटलं होतं चढवणं हेच काम आहे. चढवणं म्हणजे कर्ज मंजूर होणं. खरी गंमत पुढे असते.

दाजींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि सीटवरून एक नायलॉनचा दोर टाकला. अण्णा माझ्याकडे वळले. "स्टँडवर घेतलीस? दर खड्ड्याला ती त्या दोन पायांवर नाचेल आणि शिरवळपर्यंत स्टँड वाकेल." गाडी स्वतःच्या चाकांवर उभी पाहिजे, पुढचं चाक समोर पक्कं टेकलेलं पाहिजे. मग हँडलच्या दोन्ही बाजूंनी दोर खाली आणि पुढे ओढायचे, इतके की पुढचे शॉकअप अर्धे दबले पाहिजेत. हे अर्धं प्रकरण मला अण्णांनी दोनदा समजावलं. नुसते सैल बांधले, तर खड्ड्यात गाडी आपटून शॉकअप दबतात, त्या क्षणी दोर ढिला पडतो आणि आकडा निसटतो. पूर्ण दाबून टाकले, तर धक्का सोसायला जागा उरत नाही आणि आतलं ऑईलसील फुटतं. अर्धे दबलेले असले म्हणजे स्प्रिंग सतत वर ढकलत राहतं आणि दोर आपोआप ताठ राहतो.

मी डावा दोर ओढला, दाजींनी उजवा. दोन्ही सारखे झाले. मी समाधानानं म्हटलं, "टॅली झालं." अण्णांनी दोन बोटांनी दोर दाबून पाहिला. दोन्ही सारखेच ढिले होते. बँकेत मी नवीन असताना आमचे अकाउंटंट सांगायचे की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे चूक नाही असं समजू नका, दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. ते वाक्य मला पंधरा वर्षांनी गोठ्यात समजलं.

मागचे दोर राहिले होते. दाजींनी सोयीचं दिसलं तिथे, म्हणजे साडीगार्डला, दोर घातला आणि पाय लावून आवळायला घेतला. लोखंड कुरकुरलं.

अण्णा माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयारीतच होतो. ते ओरडले नाहीत. पुढे झाले, दाजींच्या हातातून दोर काढून घेतला, साडीगार्डवर दोराची घासलेली जागा धोतराच्या सोग्यानं पुसली आणि दोर खाली चेसिसच्या नळीला बांधू लागले. "तो भार घेणारा भाग नाही," एवढंच म्हणाले. ताई चहाचे कप घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दाजी माझ्याकडे बघत होते. मी दोराकडे बघत होतो.

दुपारी दोनला निघालो. दाजी चालवायला, मी शेजारी. अण्णा पुढे बसायला तयार नव्हते. बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकावर, काचेतून ट्रेलर दिसेल असे बसले. मांडीवर ट्रंक. घराला कुलूप लावताना त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही हे मला माहीत नाही, कारण ट्रेलर निघाल्यावर मात्र ते एकदाही दुसरीकडे पाहत नव्हते.

पहिले दहा किलोमीटर झाले आणि मागून हुकूम आला, "थांबव." हुकूम मलाच होता, थांबवलं दाजींनी. उतरून पाहिलं तर चारही दोर सैल. नायलॉन ताणतं, गाठी बसतात. पहिल्या काही मैलांत ते होणारच, तेव्हा थांबून पुन्हा आवळायचं, असं अण्णांनी मला शिकवलं आणि मी दाजींना सांगितलं. दाजी सहा फुटांवर उभे होते.

उंब्रजला दाजींच्या आत्यांचं घर. त्यांनी पुण्यातल्या नातवासाठी तांदळाची दोन पोती ठेवली होती. रिकामी जागा दिसली की दाजींना राहवत नाही. आम्ही चहा पीत असताना त्यांनी ती पोती ट्रेलरच्या शेवटच्या टोकाला टाकून घेतली. माझ्या डोळ्यांसमोर टाकली, आणि मला त्यात काही वाटलं नाही. पोती कुठे ठेवली यानं काय फरक पडतो? शिल्लक तीच राहते.

सातारा गेलं, पाचवड गेलं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि उतार लागला. हा उतार आणि त्याच्या खालचं इंग्रजी एसच्या आकाराचं वळण या रस्त्यानं जाणाऱ्यांना ठाऊक आहे. चाळीस-पन्नासनं चाललेली बोलेरो उतारानं सत्तरला गेली, आणि मला वाटलं कुणीतरी मागून आमची कॉलर धरून हलवतंय. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दर वेळी जास्त. आरशात येझदी एकदा या खांद्यावरून दिसे, एकदा त्या. दाजींचा पाय ब्रेककडे गेला.

"अरे ब्रेक नको! पाय काढ! नुसता पाय काढ, स्टेअरिंग सरळ धर!"

हा आवाज मी १९९२ नंतर प्रथमच ऐकला. तेव्हा तो मला सायकल शिकवत होता. दाजींनी पाय काढला. वेग साठावर आला, पन्नासावर आला, हलणं कमी कमी होत गेलं आणि वळणाच्या आधी आम्ही कडेला लागलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. अण्णा उतरून ट्रेलरपाशी गेले, पोती पाहिली आणि न बोलता एक ओढायला लागले. मागे ओझं झालं की ट्रेलर शेपटी हलवतो आणि पुढच्या गाडीला हलवतो, तेव्हा निम्म्याहून थोडं अधिक वजन आसाच्या पुढे हवं. अण्णांना हे बैलगाडीवरून माहीत होतं. गाडी उलार झाली की बैलाच्या गळ्याला फास बसतो. आम्ही पोती पुढच्या फळीला टेकवली. एक पोतं मी उचललं, अंगठ्यासकट.

पुन्हा निघताना दाजी म्हणाले, "अण्णा, आज पहिल्यांदा अरे म्हणालात मला."

अण्णा अवघडले. "घाईत झालं, जावईबापू."

"न्हाई, ऱ्हाऊ द्या की तसंच. बरं वाटलं." आणि शिरवळपासून पुण्यापर्यंत अण्णा सगळ्या सूचना थेट दाजींना देत होते. माझं खातं त्या दिवशी बंद झालं. मी खिडकीबाहेर बघत निवांत बसलो.

सोसायटीत पोचायला अंधार पडला. इथे ओटा नव्हता, म्हैस नव्हती. अण्णांनी आवारात एक फेरी मारली आणि क्लब हाउसच्या पायऱ्यांशेजारचा चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार शोधून काढला. बोलेरो त्याला पाठ करून लावली. उतरवताना त्यांनी गाडी मला धरायला दिली. स्वतः मागे साडीगार्डला एक हात लावून चालत होते. ओढत नव्हते, नुसता हात लावून. वॉचमननं मदत म्हणून गाडी सुरू करून द्यायची तयारी दाखवली आणि पाच मिनिटं किक शोधली.

त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला अण्णा पार्किंगमध्ये जाऊ लागले. चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुरू करायची नाही असं सांगितलं नव्हतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, एक किक, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, फडक्यानं साडीगार्ड पुसायचा आणि वर यायचं. दोन स्ट्रोकचा तो निळसर धूर पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाई. महिन्याभरात तिथून सोसायटीकडे लेखी तक्रार आली. सेक्रेटरी म्हणाले, नोटीस द्यावी लागेल. आणि बँकेतला माणूस ज्या सोसायटीत राहतो तिथे खजिनदार कोण असतो, आणि टायपिंग कोण करतं, हे सांगायला नको.

रविवारी बसून मी माझ्याच वडिलांना नोटीस टाइप केली. 'आपणांस कळविण्यात येते की' पासून 'योग्य ती कार्यवाही' पर्यंत. सही केली. जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली, कारण हातात द्यायचं धैर्य नव्हतं.

अण्णांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ती दोनदा वाचली. मग कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"यावर जावक क्रमांक नाही," ते म्हणाले. "तारीख आहे ती रविवारची. सुट्टीच्या दिवशी नोटीस निघते का? परत ने."

आणि ट्रंकेतला नवा स्पार्क प्लग घेऊन खाली गेले.